आधी गल्लीचे ऐकावे



या व्याख्यानमालेत मोठमोठे साहित्यिक बोलून गेले आहेत. मी साबुदाण्याएवढ्या गोळ्या देणारा होमिओपॅथ. जवळजवळ चाळीस वर्षे इंदूरच्या एकाच जुन्या गल्लीत दवाखाना चालवतो. म्हणून मला जे थोडेफार कळते त्यावरच, म्हणजे गल्लीवरच, बोलणार आहे.

आमचे पणजोबा होळकरांच्या राज्यात वऱ्हाडातून कापसाच्या व्यवहारासाठी इथे आले. तुमच्यापैकी अनेकांच्या घरची कथा अशीच असेल. कोणी दरबारच्या चाकरीत आले, कोणी शाळेत, कोणी वकिलीसाठी. चार-पाच पिढ्या इथे झाल्या, तरी ‘आपले गाव’ म्हटले की मन सातारा, वाई, अमरावतीकडे धावते. नाटक, गणपती, दिवाळी अंक हे सारे आपण निष्ठेने सांभाळले. पण ज्या गल्लीत आपण राहतो तिचा नकाशा कोण काढतो, तिचे पाणी कुठे जाते, हे विचारायचे मात्र राहून गेले.

याच शहरात शंभर वर्षांपूर्वी एका परक्या माणसाने ते विचारले होते. पॅट्रिक गेडिस हे मूळचे जीवशास्त्रज्ञ, जन्माने स्कॉटिश. होळकर दरबारासाठी त्यांनी इंदूरच्या नगररचनेचा दोन खंडांचा अहवाल लिहिला. तो १९१८ साली छापला गेला. त्यांची भाषा आम्हा डॉक्टरांच्या ओळखीची होती. उपचाराआधी निदान हवे आणि निदानाआधी शहर पायी हिंडून पाहिले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. त्या काळी जुन्या वस्तीतून सरळ रेघ मारून रस्ता काढायची पद्धत होती. गेडिस म्हणत की सडले आहे तेवढेच काढा, धडधाकट आहे ते राखा. त्यांनी या पद्धतीला नाव दिले तेही शस्त्रक्रियेचेच.

त्यांच्या चरित्रांत इंदूरच्या एका दिवाळीची हकीकत येते. शहर प्लेगने धास्तावलेले होते. गेडिस यांनी दरबाराकडून एका दिवसासाठी जणू महाराजांचेच अधिकार मागून घेतले आणि जाहीर केले की मिरवणूक नेहमीच्या वाटेने जाणार नाही. ज्या रस्त्यावरची घरे लोकांनी सर्वांत चांगली झाडून, दुरुस्त करून ठेवली असतील, त्या रस्त्याने ती जाईल. लोकांनी घरे उपसून काढली. मिरवणुकीत झाडूवाल्यांना मानाने हार घातले गेले आणि प्लेगच्या उंदराची प्रतिमा जाळली गेली. ही गोष्ट मी रंजक म्हणून सांगत नाही. हुकूम काढूनही सफाई करून घेता आली असती, पण गेडिस यांनी ते काम घराघराच्या हातात दिले. २०१७ पासून वर्षानुवर्षे इंदूर देशातले सर्वांत स्वच्छ शहर ठरत आले. त्याचेही निम्मे श्रेय रोज सकाळी गाडी येण्याआधी ओला-सुका कचरा वेगळा करणाऱ्या हातांना आहे.

आता माझी स्वतःची चूक सांगतो.

बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्या गल्लीत सिमेंटचा रस्ता व्हावा म्हणून मीच अर्ज लिहिला. डॉक्टर म्हणून शब्दाला वजन होते. संध्याकाळच्या दोन बैठकांत सह्या गोळा झाल्या. पण सह्या घेतल्या त्या ओट्यावर बसणाऱ्या घरमालकांच्या. गल्लीच्या टोकाला, उतारावर, एका जुन्या वाड्याच्या बखळीत भाड्याच्या खोल्या आहेत. तिकडे कोणी गेले नाही. त्यांचे काय विचारायचे, असेच आम्हा सर्वांना वाटले असावे.

रस्ता झाला. जुन्या फरशीवरच सिमेंट पडले, त्यामुळे तो वीतभर उंच झाला. आम्ही पेढे वाटले. पुढच्या आषाढात टोकाच्या खोल्यांतून चिखल्यांचे, तापाचे, जुलाबाचे रोगी येऊ लागले. भाजी विकणारी एक म्हातारी पायांची बोटे दाखवत म्हणाली, “डॉक्टर साब, गोली भी आप देते हो और पानी भी आप ही भेजते हो.”

होमिओपॅथीत पहिला धडा असतो तो रोगी तपासण्याचा. हानेमान यांनी ‘ऑर्गॅनॉन’मध्ये वैद्याला बजावले आहे की रोगी बोलत असताना मध्ये तोंड घालू नये, त्याला शेवटपर्यंत सांगू द्यावे. दवाखान्यात मी हा नियम पाळत आलो. गल्लीच्या बाबतीत मात्र न ऐकताच औषध दिले होते.

त्या वर्षी दशलक्षण पर्व संपल्यावर क्षमावाणीच्या दिवशी मी बखळीत गेलो. नातेवाइकांची आणि ओळखीच्यांची क्षमा मागणे सोपे असते. इथे मात्र दारात उभे राहून काय बोलावे ते सुचेना. त्या म्हातारीने पाट दिला आणि भिंतीवरची ओल दाखवली. ओल गुडघ्यापर्यंत चढली होती.

पुढच्या पावसाळ्यात आम्ही पाच-सहा जण भर पावसात गल्लीतून फिरलो. जिथवर पाणी चढले तिथे भिंतीवर गेरूने खूण केली. एका गवंड्याने त्याची पाण्याची नळी आणली आणि पातळी मोजून दिली. बखळीतल्या बायकांनी पाणी कधी, कुठून, किती वेळात येते ते सांगितले. शाळेच्या वहीच्या कागदावर नकाशा निघाला. त्यातून जे दिसले ते मला नको होते. पाण्याची जुनी मोरी आमच्याच ओट्याखालून जात होती. आजोबांनी मागे ओटा पुढे सरकवला आणि मोरी निम्मी बुजली, त्यावर मी सिमेंट आणले.

घरात वाद झाला. धाकटा भाऊ म्हणाला, आजोबांचा ओटा तोडायचा नाही. आईने मात्र एवढेच विचारले की त्या ओट्यावर आता बसते कोण. दीड हात ओटा काढला. नकाशा घेऊन आम्ही महापालिकेत गेलो. तिथल्या अभियंत्याने तो नीट पाहिला आणि दोन-तीन खेपांनंतर वळणावर आडवी मोरी व लोखंडी जाळी बसली. शेजारच्या एका घराने ओटा सोडला नाही. म्हणून मोठ्या पावसात टोकाला अजूनही घोटाभर पाणी साचते. पण ते खोल्यांत शिरत नाही.

तुम्ही म्हणाल, हे सारे करायला सरकार आहे. आहेच. पण सरकारने आपल्यासाठी दारही ठेवले आहे. ७४वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून लागू झाली. तिच्यात तीन लाख किंवा अधिक वस्तीच्या शहरांसाठी प्रभाग समित्यांची तरतूद आहे. शहराचा विकास आराखडा पक्का होण्याआधी मसुदा प्रसिद्ध होतो आणि हरकती, सूचना मागवल्या जातात. आपण तो मसुदा कधी उघडतो? आपल्या भिंतीवर लाल खूण पडली की. तोवर तो दुसऱ्याचा प्रश्न असतो.

आणि चांगली योजनाही एकदा करून सोडून देता येत नाही. नैसर्गिक उतार धरून वस्त्यांतून मलवाहिन्या आणि रस्ते नेण्याच्या इंदूरच्या प्रकल्पाला १९९८ साली वास्तुरचनेचा आगा खान पुरस्कार मिळाला. पुढे नगररचनाकार गीता दीवान वर्मा यांनी ‘स्लमिंग इंडिया’ या पुस्तकात त्याच्या यशाच्या दाव्यांवर कठोर टीका केली. त्या वादाचा निवाडा मी करणार नाही. मी एवढेच शिकलो की नळी जमिनीखाली गेली म्हणजे काम संपले असे नाही. झाकण उघडून पाहणारे तिथे राहणारेच असावे लागतात.

तेव्हा माझे मागणे छोटे आहे. पहिल्या मोठ्या पावसात गेरूचा खडा घेऊन गल्लीत उतरा. सर्वांत सखल घरापासून सुरुवात करा, आणि तिथे भाडेकरू असेल तर त्याला आधी विचारा. झाडूवालीला विचारा, चालत शाळेत जाणाऱ्या मुलांना विचारा. ही मंडळी हिंदी, माळवी बोलतील. बैठकीची भाषा तीच असू द्या, मराठीचे काही बिघडत नाही. सूचना लेखी द्या आणि पोच घ्या. अनेकांताचे तत्त्व आम्ही मंदिरात ऐकतो, पण गल्लीच्या दोन टोकांना एकच पाऊस किती निराळा दिसतो, हे मला त्या म्हातारीने शिकवले.

ती आता नाही. तिच्या खोलीच्या भिंतीवरची गेरूची खूण रंगकाम झाल्यावर पुसली जाते आणि आम्ही पुन्हा काढतो. तुमच्या गल्लीतही अशी एखादी भिंत असेल. या पावसाळ्यात ती पाहून या.