मोबाइलवरून कंपनीच्या नेटवर्कपर्यंत
मोबाइलवरून कंपनीच्या नेटवर्कमध्ये सुरक्षित प्रवेश तीन गोष्टींवर अवलंबून असतो. पहिली, वापरणाऱ्याची ओळख: पासवर्डच्या जोडीला ओटीपी किंवा बोटाचा ठसा. दुसरी, माहितीची वाट. मीरा रोड-भाईंदरहून चर्चगेटकडे निघालेला नोकरदार सार्वजनिक वायफाय वापरतो, तेव्हा माहिती परक्या नेटवर्कमधून जाते. व्हीपीएन, म्हणजे आभासी खासगी नेटवर्क, ती मोबाइलमध्येच कुलूपबंद करते. ते कुलूप कंपनीच्या सर्व्हरवर उघडते. तिसरी, उपकरण. मोबाइलमध्ये घातक ॲप शिरले, तर व्हीपीएन अपुरे पडते. म्हणून कार्यालयीन माहिती वेगळ्या कप्प्यात ठेवतात. मोबाइल हरवल्यास ती दुरूनच पुसता येते. नेटवर्कमध्ये अनधिकृत प्रवेश झाल्यास, एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार, कंपनीने तो लक्षात आल्यापासून ६ तासांत ‘सर्ट-इन’ या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला कळवणे बंधनकारक आहे.