उऋण होण्याचे पहिले वर्ष

(उपनगरातील कार्यकर्ते व त्यांच्या कुटुंबीयांसमोर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



बोरीवलीच्या फलाटावर सकाळी सात-साडेसातच्या सुमारास उभे राहिले, की नव्याने नोकरीला लागलेली मुले-मुली चटकन ओळखू येतात. कपड्यांची इस्त्री अजून मोडलेली नसते, गळ्यात कार्यालयाचे ओळखपत्र असते आणि कोणत्या डब्यापाशी कोठे उभे राहावे याचा सराव नसल्याने पहिली गाडी सुटते. घरी आईने देवापुढे पेढे ठेवलेले असतात. मुलगा मार्गाला लागला, अशी सर्वांची समजूत असते. मात्र यांपैकी कित्येकांच्या खांद्यावर डब्याच्या पिशवीबरोबर आणखी एक ओझे असते आणि ते घरात कोणालाच ठाऊक नसते. क्रेडिट कार्डाची थकबाकी, मोबाइलवरील ॲपकडून घेतलेले कर्ज, मित्राकडून उसने घेतलेले पैसे आणि लवकरच सुरू होणारा शैक्षणिक कर्जाचा हप्ता.

आजच्या विषयाचे सार थोडक्यात असे. परतफेड पहिल्या पगारापासून आणि घरच्यांना विश्वासात घेऊन सुरू झाली, तर असे कर्ज बहुधा वर्षभरात आटोक्यात येते. ते लपविले, तर आधी झोप, मग घरातील विश्वास आणि शेवटी नोकरीही पणाला लागते.

ऋण : आपली दृष्टी

कर्जासाठी आपल्याकडे 'ऋण' हा जुना शब्द आहे. देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण घेऊनच मनुष्य जन्माला येतो, ही आपली धारणा. ऋण असणे हा कलंक नव्हे. ते विसरणे हा दोष. कर्ज काढून तूप पिण्याचा उपदेश चार्वाकाच्या नावावर सांगितला जातो, पण समाजाने तो कधी आदर्श मानला नाही.

ही मर्यादा केवळ ऋणकोवर नव्हती. व्याजाची बाकी मुद्दलापेक्षा अधिक होऊ नये, हा दामदुपटीचा नियम हिंदू धर्मशास्त्राने घालून दिला आणि मुंबई इलाख्याच्या न्यायालयांनी इंग्रजी अमदानीतही तो मानला. तुकोबारायांनी वडिलोपार्जित सावकारीची आपल्या वाट्याची खतपत्रे इंद्रायणीत सोडली, ही परंपरा महाराष्ट्रातील प्रत्येक घराला ठाऊक आहे. घेणाऱ्याने निष्ठेने फेडावे आणि देणाऱ्याने मर्यादा ओळखावी, अशी ही दुहेरी शिकवण आहे. तिची आठवण आज अधिक निकडीची झाली आहे, कारण आजचा सावकार पेढीवर बसत नाही; तो तरुणाच्या हातातील मोबाइलमध्येच बसला आहे.

गिरणगावाचा धडा

मुंबईत नोकरी आणि कर्ज यांची जोडी नवी नाही. कोकणातून आणि घाटावरून गिरणीत आलेला कामगार कामावर लागला, की त्याला पहिले वेतन हाती पडण्यास बहुधा सहा आठवडे लागत. एका महिन्याचे वेतन पुढील महिन्याच्या मध्यावर देण्याची पद्धत होती. तोपर्यंत खानावळ, खोलीचे भाडे आणि गावी पाठवायची मनीऑर्डर कशावर चालणार? वाण्याच्या उधारीवर आणि पठाणाच्या कर्जावर. १९२१-२२ च्या सुमारास मुंबईतील कामगार-कुटुंबांच्या जमाखर्चाची सरकारी पाहणी झाली, तेव्हा जवळजवळ निम्मी कुटुंबे कर्जात आढळली. व्यसनाचा दोष काहींच्या माथी खराच असेल. पण काम केल्याचा दिवस आणि दाम मिळाल्याचा दिवस यांतील अंतर हेही कर्जाचे एक मोठे कारण होते. म्हणूनच १९३६ च्या वेतन प्रदान कायद्याने, हजारापेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनांनी सात दिवसांत आणि इतरांनी दहा दिवसांत वेतन द्यावे, असे बंधन घातले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या वेतन संहितेनेही मासिक वेतनासाठी पुढील महिन्याच्या सात तारखेची मर्यादा ठेवली आहे.

तरीही ते अंतर पूर्णपणे मिटलेले नाही. महिन्याच्या अखेरीस रुजू झालेल्याचा पगार अनेक ठिकाणी पुढील महिन्याच्या पगाराबरोबर निघतो. त्याआधी पास काढायचा असतो, बूट आणि कपडे घ्यायचे असतात, सहकाऱ्यांबरोबर जेवणाचा वाटा द्यायचा असतो. त्या पाच-सहा आठवड्यांत ॲपवरचे पंधरा हजार फार सहज मिळतात. पठाणाची काठी दिसत असे. हे व्याज दिसत नाही, एवढाच फरक.

कागदावरचा हिशेब

नमुन्यादाखल बोरीवलीचा एक तरुण घेऊ. त्याची नोकरी अंधेरीत, हाती पडणारा पगार ३२,००० रुपये. क्रेडिट कार्डाची बाकी ५०,०००, ॲपचे कर्ज १५,०००, मामांकडून घेतलेले २०,००० आणि शैक्षणिक कर्जाचा हप्ता ६,०००.

कार्डावर दरमहा साडेतीन टक्के व्याज धरले, तर पन्नास हजारांवर पहिल्या महिन्याचे व्याज १,७५० रुपये होते. त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर, म्हणजे ३१५ रुपये. 'किमान देय रक्कम' पाच टक्के असेल तर तो २,५०० रुपये भरतो आणि आपण कर्ज फेडले अशा समाधानात राहतो. प्रत्यक्षात मुद्दलातून जातात अवघे ४३५ रुपये! किमान रक्कम भरत राहणे हा कर्ज सांभाळण्याचा मार्ग आहे, फेडण्याचा नव्हे. कार्डावरील व्याजाला ३० टक्क्यांची मर्यादा घालणारा राष्ट्रीय ग्राहक आयोगाचा २००८ चा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केला, हेही लक्षात ठेवावे. येथे दामदुपट मदतीला येत नाही. स्वतःची शिस्तच येते.

आता पगाराची विभागणी पाहा. घरात १०,०००, प्रवास व जेवण ४,०००, शैक्षणिक हप्ता ६,०००, अडीअडचणीसाठी शिल्लक २,००० आणि परतफेडीसाठी १०,०००. पहिले तीन महिने कार्डाची किमान रक्कम भरून उरलेले सारे ॲपच्या कर्जात घालावे. ते मिटले, की संपूर्ण दहा हजार कार्डावर. ॲपचे व्याज दरमहा तीन टक्के धरले, तर आठव्या महिन्यात कार्ड निरंक होते आणि दहाव्या महिन्यात मामांचे पैसे परत जातात. हाताशी वीस हजारांची शिल्लकही उरते. गणित ढोबळ आहे, घराघरांत आकडे बदलतील. पण एक कर्ज पूर्ण मिटवून मगच पुढच्याकडे वळावे, हा क्रम बदलू नये. मामांना मात्र पहिल्याच महिन्यात भेटून तारीख सांगावी. नातेवाइकाच्या पैशावर व्याज नसते, पण त्याची वाट पाहण्याला किंमत असते.

दोन पथ्ये अनिवार्य आहेत. फेड चालू असताना कार्ड घरी, शक्यतो आईच्या किंवा पत्नीच्या कपाटात राहावे. आणि शिल्लक ठेवल्याखेरीज फेड सुरू करू नये. नाहीतर घरातील पहिल्याच आजारपणात तेच कार्ड पुन्हा बाहेर येते. पतपेढीचे कमी व्याजाचे कर्ज किंवा सोनेतारण घेऊन कार्डाची बाकी मिटविणे पुष्कळदा शहाणपणाचे ठरते. मात्र घरातील सोने सर्वांच्या संमतीनेच बाहेर पडावे.

प्रवासातील गळती

उपनगरातील माणसाच्या अंदाजपत्रकात वेळ हे दुसरे चलन आहे. मुलुंडच्या मुलीला अंधेरीच्या औद्योगिक पट्ट्यात पोहोचण्यासाठी पूर्वी दादरला वळसा घालावा लागे, नाहीतर बसमधून वाहतुकीत अडकावे लागे. ८ जून २०१४ रोजी वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाली आणि घाटकोपरला गाडी बदलून साकीनाका, मरोळ, चकाला गाठणे शक्य झाले. दहिसर-बोरीवलीकडील मेट्रोही २०२२ मध्ये अंशतः आणि जानेवारी २०२३ पासून अंधेरीपर्यंत धावू लागली. सोय वाढली, तसे प्रत्येक सोयीचे भाडेही आले. लोकलचा द्वितीय श्रेणीचा मासिक पास आजही सर्वांत स्वस्त आहे. खरी गळती स्थानकाच्या दोन्ही टोकांना होते. शेअर रिक्षाचे एका वेळचे वीस रुपये धरले, तरी पंचवीस दिवसांत जाऊन-येऊन हजार होतात. पंधरा मिनिटे चालता येत असेल, तर वर्षाचे बारा हजार वाचतात. घरचा डबा त्याहून अधिक वाचवितो.

काटकसरीलाही तारतम्य हवे. दररोज चार तास प्रवासात जाणाऱ्या तरुणाने कर्ज लवकर फिटावे म्हणून पहिल्याच वर्षी रात्रीचे दुसरे काम पत्करले, तर बहुधा शरीर आधी थकते आणि नव्या नोकरीत उशिरा पोहोचण्याचे शेरे पडतात. ज्या पगारावर सारी फेड अवलंबून आहे, तो पगारच धोक्यात घालणे ही बचत नव्हे. प्रकृतीमुळे एखाद्याला वातानुकूलित लोकलचा पास आवश्यक असेल, तर तो हिशेबात लिहून काढावा. अपराधी वाटण्याचे कारण नाही. मात्र प्रवासाच्या कंटाळ्याला उतारा म्हणून मोटारसायकलचा नवा हप्ता लावून घेणे टाळावे.

आणखी एक गोष्ट. पूर्वी याच गाड्यांतून भजनी मंडळे रंगत, आजही काही डब्यांतून टाळ ऐकू येतात. बाकीचा डबा मोबाइलमध्ये मान घालून असतो. अनावश्यक खरेदी आणि 'दोन मिनिटांत कर्ज' यांची जाळी याच तासांत पसरलेली असतात. तो वेळ वाचनाला, नामस्मरणाला किंवा डुलकीला दिला, तरी खिसा सुरक्षित राहतो.

घर, कायदा आणि समाज

कुटुंब प्रबोधनाच्या कार्यात आठवड्यातून एकदा सर्वांनी एकत्र भोजन करून मनमोकळा संवाद करावा, असा आग्रह असतो. कर्जाची गोष्ट सांगण्याचे ठिकाण तेच. मुलाने कागदावर सर्व आकडे लिहून वडिलांपुढे ठेवावेत. एकही वगळू नये. आणि वडिलांनी त्या क्षणी आवाज चढवू नये. 'तुला आम्ही काय कमी केले होते?' हा एक प्रश्न पुढील दहा कर्जे लपवायला पुरेसा होतो. 'किती, कोणाचे आणि कधीपर्यंत?' एवढेच विचारावे. पहिल्या पगाराचे पेढे जरूर वाटावेत. हॉटेलातील मेजवानी कार्ड निरंक होईल त्या दिवशी ठेवावी.

भीतीपोटी कोणी चुकीचे पाऊल उचलू नये, यासाठी नियमही माहीत असावेत. वसुली प्रतिनिधीने सकाळी आठपूर्वी किंवा सायंकाळी सातनंतर दूरध्वनी करू नये, धमकावू नये, चारचौघांत अपमान करू नये, असे रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या डिजिटल कर्जविषयक नियमांनुसार ॲपने फोनमधील संपर्कांची यादी चाळण्यासही मनाई आहे. बँक वा वित्तसंस्थेने तक्रारीची दाद न घेतल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते; माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. चलव्याजदराच्या वैयक्तिक कर्जाची मुदतीपूर्वी फेड केल्यास दंड लागत नाही. विनापरवाना सावकारी करणाऱ्यांविरुद्ध २०१४ चा महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा आहे आणि त्याची तक्रार सहकार खात्याच्या निबंधकांकडे करता येते. देणे प्रामाणिकपणे मान्य करणाऱ्याने अपमान मात्र सोसण्याचे कारण नाही.

समाजाचेही यात कर्तव्य आहे. १४ सप्टेंबर १९१८ रोजी मुंबईत सारस्वत सहकारी संस्था स्थापन झाली, तेव्हा सभासदांच्या घरची लग्नकार्ये आणि औषधोपचार यांबरोबरच कर्जफेडीसाठी साहाय्य करणे हा तिचा हेतू होता. आपल्या माणसाला सावकाराच्या दारातून परत आणणे हेच सहकाराचे मूळ. सहकार भारतीचे प्रणेते लक्ष्मणराव इनामदार यांनी संस्काराविना सहकार नाही, हा विचार रुजविला, तो याच कारणासाठी. २०१९ मध्ये मुंबईतील एका मोठ्या सहकारी बँकेवर निर्बंध आले आणि हजारो ठेवीदारांची घरे हादरली. संस्कार सुटले की सहकाराचे काय होते, ते तेव्हा दिसले. म्हणून पतपेढी निवडतानाही तिचा ताळेबंद पाहावा, संचालकांना प्रश्न विचारावेत.

शेवटी एक विनंती कार्यकर्त्यांना. नियमित येणारा तरुण नोकरी लागल्यावर शाखेत दिसेनासा झाला, की 'प्रवासामुळे जमत नसेल' असे आपण धरून चालतो. पुष्कळदा ते खरेही असते. पण काही वेळा तो उसनवारीमुळे तोंड चुकवीत असतो. रविवारी त्याच्या घरी जावे, चहा घ्यावा, वर्गणीचा विषय काढू नये. त्याने मन मोकळे केले, तर उपदेश न करता त्याच्याबरोबर कागद-पेन्सिल घेऊन बसावे आणि ऐकलेले तेथेच ठेवावे. दहा-बारा महिन्यांनी तो निरंक खात्याचा कागद घेऊन स्वतः येईल. तेव्हा त्याला दुसऱ्या एखाद्या तरुणाच्या घरी पाठवावे. ज्याने स्वतः फेडले आहे, त्याचे शब्द त्या घरात अधिक पटतील. आणि समाजाच्या ऋणातून उतराई होण्याचा त्याचा आरंभही तेथूनच होईल.