काशी आणि आन्ना पाव्हलोव्हा

पेशव्यांच्या आश्रयाने उभ्या राहिलेल्या काशीच्या बालाजी घाटावर, जेथील मंदिरात उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांनी वर्षानुवर्षे सनईची साधना केली, तेथे रशियन बॅलेचे स्मरण करणे प्रथमदर्शनी विलक्षण वाटेल. परंतु ज्यांचे कनिष्ठ बंधू रविशंकर १९२० साली याच नगरीत जन्मले, त्या उदय शंकरांच्या नृत्याची कारकीर्द घडविण्यात सेंट पीटर्सबर्गच्या बॅले नर्तकी आन्ना पाव्हलोव्हा यांचा वाटा फार मोठा होता. १९२३ साली लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये दोघे राधाकृष्णांच्या भूमिकांत एकत्र नाचले. मुंबईच्या नर्तकी मादाम मेनका यांनाही पाव्हलोव्हांनी उत्तेजन दिले. मेनकांनी पुढे खंडाळ्यास नृत्यालय स्थापिले.

पाव्हलोव्हांच्या या बॅलेचा आस्वाद घेताना आपल्या रसिकाने प्रथम पावलांकडे पाहावे. आपल्या कथकात घुंगरू बांधलेला पाय भूमीवर आघात करून लय बोलतो. तेथे मात्र, बालपणापासूनच्या कठोर तालमीने नितंबसंधीपासून बाहेर वळविलेले पाय आणि बोटांच्या अग्रावर तोललेला देह यांमुळे, नर्तकी भूमीचा निरोपच घेत आहे असा भास होतो, आणि त्यामागचे अपार श्रम ती मुद्रेवर उमटू देत नाही.