लहान घरकुल, नेटका संसार



अक्कलकुवा, धडगाव, नवापूरपासून शहादा-तळोद्यापर्यंत गावोगावी नवी घरकुले उभी राहिलेली आपण पाहतो. प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) २०१६ साली सुरू झाली. तिने घराचे किमान क्षेत्रफळ स्वयंपाकाच्या जागेसह २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २६९ चौरस फूट ठरविले. पूर्वीच्या इंदिरा आवास योजनेत ते २० चौरस मीटर होते. मैदानी भागात १ लाख २० हजार व डोंगराळ भागात १ लाख ३० हजार रुपये असे अर्थसाहाय्य योजनेने ठेवले. या रकमेत भिंती व छप्पर कसेबसे उभे राहते. त्या भिंतींच्या आत संसार कसा मांडावा, हे मात्र घरातल्या माणसांनीच ठरवावयाचे असते. आज त्याविषयी चार गोष्टी सांगावयाच्या आहेत.

प्रथम आपल्या जुन्या घरांकडे पाहू. सातपुड्यात बांबूच्या कुडाच्या, शेणामातीने लिंपलेल्या भिंती व वर कौले; खाली तापीकाठच्या सपाटीवर मातीची जाड धाबी. दोन्ही प्रकारची घरे वैशाखातही आत गार राहत. कौलांच्या फटींतून चुलीचा धूर आपोआप बाहेर जाई आणि जाताना छपराच्या बांबूला कीड लागू देत नसे. आता त्या जागी सिमेंटचा स्लॅब आला आहे. तो गळत नाही, दरवर्षी शाकारावा लागत नाही, ही मोठीच सोय झाली. परंतु स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री तीच उष्णता खाली सोडतो; शिवाय त्यातून धुराला वाट नसते. म्हणून नव्या घरातील पहिला खर्च शोभेच्या वस्तूंवर न करता उष्णता व धूर यांच्या बंदोबस्तावर करावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

उष्णतेवरील स्वस्त उपाय म्हणजे चुना. कळीचा चुना रात्रभर पाण्यात भिजवावा, फडक्यातून गाळून घ्यावा, त्यात थोडा डिंक विरघळवून मिसळावा आणि झाडून-धुऊन स्वच्छ केलेल्या स्लॅबवर आडवा व उभा असे दोन हात द्यावेत. पांढरा पृष्ठभाग ऊन परतवून लावतो. चुना कालवताना तो उसळतो. म्हणून डोळे जपावेत व मुलांना दूर ठेवावे. अहमदाबाद शहराने २०१३ साली उष्णतेविषयीचा कृती आराखडा केला व पुढे गरीब वस्त्यांतील छपरे पांढरी करण्याचे काम हाती घेतले. तेलंगण राज्याने २०२३ साली शीतल छपरांचे धोरणच जाहीर केले. आपल्याकडील पुष्कळ कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातेत व इतरत्र जातात आणि होळीला गावी परततात. होळी झाली की स्लॅबला चुना, असा नेमच घालून घ्यावा. पावसाने तो धुपतो, तेव्हा हे काम दरवर्षीचे समजावे.

धुराचे म्हणाल, तर गॅस घरी आला तरी सिलिंडरच्या किमतीमुळे चूल सुटत नाही, हे आपण जाणतो. मग ती चूल बंद खोलीत तरी नसावी. मागच्या पडवीत छप्पर घालून तिथे चूल मांडावी. आतच मांडणे भाग असेल, तर चुलीच्या वर भिंतीत छताजवळ झरोका ठेवावा व समोरच्या भिंतीत खाली खिडकी असावी, म्हणजे वारा खालून येऊन धूर वरून बाहेर नेतो. बांधकाम चालू असतानाच गवंड्याला हे सांगितले, तर चार विटा कमीच लागतात. केरळात आयुष्य वेचलेले वास्तुशिल्पी लॉरी बेकर (१९१७–२००७) यांनी विटांचीच जाळी रचून खिडकीचा खर्च वाचविण्याची रीत रूढ केली. ती आपल्या गवंड्यांनाही सहज जमण्यासारखी आहे.

आता सामानाकडे वळू. लहान घरात जमीन महाग आणि भिंत स्वस्त, हे सूत्र ध्यानात ठेवावे. दाराच्या उंचीवर तिन्ही भिंतींना फूटभर रुंदीची फळी बसविली की भांडी, अंथरुणे, मुलांची पुस्तके वर जातात. खुंट्यांची एक ओळ कपाटाचे निम्मे काम करते. कणगी कोपऱ्यात, विटांच्या थरावर, भिंतीपासून वीतभर दूर ठेवावी, म्हणजे ओल लागत नाही. बाजेखाली पेट्या सरकवाव्यात. दिवसा ती बाज बाहेर उभी केली की अंगणाएवढी जागा मोकळी होते. बांबूचे सामान आठवड्याच्या बाजारात आपल्याच कारागिरांकडून घ्यावे. पावसाळ्यानंतर तोडलेला व काही आठवडे पाण्यात बुडवून ठेवलेला बांबू लवकर पोखरत नाही, हे विचारून घ्यावे.

शोभेला पैसा लागतोच असे नाही. भिंतीला वर पांढरा चुना व खाली दोन हात उंचीपर्यंत गेरूचा पट्टा दिला, तर खोली उजळ दिसते आणि मुलांच्या हातापायांचे डाग लपतात. चुन्याच्या बोटांनी गेरूवर नक्षी काढणारे हात आपल्या घराघरांत आहेत. त्यांना एक भिंत मोकळी द्यावी. पश्चिमेच्या भिंतीलगत शेवगा लावावा. ओट्यावर बांबूचा मांडव घालून त्यावर दोडका किंवा वाल चढवावा आणि न्हाणीचे पाणी मुळांशी सोडावे. सावली मिळते, भाजी मिळते आणि २६९ चौरस फुटांना आणखी एक खोली जोडली जाते.

शेवटी पैशाचा हिशेब. समजा, शोभेच्या कपाटासाठी कुणी दहा हजार रुपये दरमहा शेकडा तीन रुपये व्याजाने घेतले. वर्षाचे व्याजच ३ हजार ६०० रुपये होते आणि मुद्दल तसेच राहते. ते फेडण्यासाठी पुढच्या हंगामाची उचल आधीच घ्यावी लागते, आणि कपाट असलेले घर सहा महिने कुलूपबंद राहते. म्हणून क्रम ठरवावा : आधी छप्पर, मग वारा व धूर, मग ओल, त्यानंतर फळ्या-खुंट्या आणि सर्वांत शेवटी रंग व शोभा. यांपैकी जे रोखीने होईल ते या वर्षी करावे, उरलेले पुढच्या वर्षी. बचत गटातील पाच घरांनी मिळून चुना, फळ्या व सुताराची मजुरी एकदम ठरविली, तर प्रत्येकीचा खर्च कमी येईल.

घरकुल एकदाच मिळते. त्यात कर्जाचा बोजा न आणता राहता आले, तर ते खऱ्या अर्थाने आपले झाले, असे म्हणता येईल.