मनाच्या आजाराची लाज कशाला?

आम्ही डॉक्टर नाही, बँकेच्या काउंटरवर बसणारी माणसे आहोत. पण काउंटरवर माणसे दिसतात. एकाच दिवशी दोनदा पेन्शन काढायला आलेले आजोबा दिसतात, कर्ज थकल्यापासून बोलेनासा झालेला तरुणही दिसतो. ताप आला की आपण दवाखाना गाठतो. मन आजारी पडले की मात्र दार लावून घेतो, नाहीतर अंगारा-धुपारा करतो. २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात शंभरातील दहा-अकरा प्रौढांना व्यसनासह काही ना काही मानसिक आजार आढळला. त्यांतील बहुतेकांना उपचार मिळालेच नव्हते.

मानसोपचारतज्ज्ञ थोडे आहेत, हे खरे. पण यावर शेजारच्या गोव्यात एक वाट सापडली. तेथील 'संगाथ' संस्थेने मानसोपचाराचे शिक्षण नसलेल्या साध्या माणसांना प्रशिक्षण देऊन समुपदेशक केले. प्राथमिक आरोग्य केंद्रांत त्यांनी नैराश्याच्या रुग्णांशी सहा ते आठ वेळा बसून बोलायचे आणि सुटलेली रोजची कामे हळूहळू पुन्हा सुरू करून द्यायची. २०१७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तीन महिन्यांनी अशा शंभरातील ६४ रुग्णांचे नैराश्य ओसरले होते. केवळ नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत हा आकडा ३९ होता.

आता वयाचे पाहू. २०२१ साली जगभरातील अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा जवळपास निम्मे मानसिक आजार अठरा वर्षांच्या आत सुरू होतात असे दिसले. म्हणून एकाएकी गप्प झालेल्या मुलाला आळशी म्हणण्याआधी जवळ बसवावे. म्हातारपणाचेही तसेच. २०२४ च्या 'लॅन्सेट' आयोगाच्या मते स्मृतिभ्रंशाची सुमारे ४५ टक्के प्रकरणे टाळता किंवा लांबवता येऊ शकतात. रक्तदाब, मधुमेह सांभाळणे आणि कमी ऐकू येत असल्यास यंत्र लावणे, हे त्यांतले उपाय. 'वय झाले' म्हणून सोडून देऊ नये.

कायदाही बदलला आहे. २०१८ पासून अमलात आलेल्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असे मानून सरकारने त्याची काळजी घ्यायची आहे. २०२२ साली सुरू झालेल्या 'टेली-मानस'च्या १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही मोफत बोलता येते.

विद्यार्थी मित्रांनो, हा क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर लिहा. आपल्या वस्तीत कोणी दार लावून बसले असेल, तर ते दार वाजवायला पदवी लागत नाही.