बारगीर, एगरोल आणि अष्टमीची रात्र

आजच्या भागात टिप्स नाहीत, बजेट नाही, 'दहा ठिकाणं' वगैरे तर अजिबात नाही. आज फक्त एका रात्रीची गोष्ट. २२ ऑक्टोबर २०२३, रविवार, कोलकाता, दुर्गापूजेतली अष्टमी. त्या रात्री आमच्याकडे झोपायला जागा नव्हती.

आम्ही तिघं, कॉलेजपासूनचे. मी, काकू आणि मामा. काकू आमच्याच वयाची आहे, पण तिच्या सॅकमध्ये सुई-दोऱ्यापासून इनोपर्यंत सगळं निघतं, म्हणून काकू. मामा का मामा, ते आता कुणालाच आठवत नाही. भुवनेश्वर, पुरी करून आम्ही रात्री हावड्याला उतरलो. दुसऱ्या दिवशी दुपारी तिथूनच परतीची गाडी. म्हणजे कोलकात्यात मुक्काम एकच रात्र. सदर स्ट्रीटजवळच्या गल्लीत एक स्वस्तातली खोली ऑनलाइन बुक केली होती.

पोचलो तर काउंटरवरच्या माणसाने रजिस्टर आमच्याकडे फिरवून दाखवलं. आमच्या खोलीत दुसरंच कुटुंब. 'पूजा का टाइम है दादा,' एवढंच. काकू वीस मिनिटं भांडली. पैसे परत मिळाले, खोली नाही मिळाली. आणखी तीन-चार ठिकाणी विचारलं. एका ठिकाणी खोली होती, पण भाडं ऐकून मामा एकदम म्हणाला, 'कशाला? रात्रभर फिरू. सगळं शहर जागंच आहे.'

मी म्हणालो, 'घ्या, कंजूस मामांचा उपदेश.'

हे वाक्य लक्षात ठेवा. कारण पूर्ण ट्रिपभर मी हेच करत होतो. मामा पुरीत जेवायला आला नाही, पोट बिघडलंय म्हणाला. कोणार्कला जाताना शेअर रिक्षाच हवी म्हणून अडून बसला. मी त्याच्यावर रील बनवली होती, 'मामाचं अर्थसंकल्पीय भाषण'. ग्रुपवर टाकली. सगळे हसले, मामाही हसला.

असो. क्लोकरूमला सामान ठेवावं म्हटलं, तर रेल्वे कुलूप नसलेली बॅग घेत नाही, आणि आमच्या सॅकना कुलूप लागेल अशी सोयच नव्हती. म्हणून पाठीवर दहा-दहा किलो घेऊन आम्ही मेट्रोत शिरलो. पूजेच्या दिवसांत मेट्रो पहाटेपर्यंत चालते. रात्री अकराला डब्यात मुंबई लोकलसारखी गर्दी, फक्त सगळे नवीन कपड्यांत. आजी, नातवंडं, हातात हात धरलेल्या जोड्या, झोपलेली बाळं खांद्यावर. काकू हळूच म्हणाली, 'रात्री अकराला एवढ्या बायका रस्त्यावर मी पुण्यात फक्त विसर्जनाला बघितल्यात.'

श्यामबाजारला उतरलो. वर आलं की पाच रस्त्यांचा चौक, आणि मधोमध घोड्यावर नेताजी. तिथून चालत बागबाजार. का तर मेट्रोतल्या एका मुलीने सांगितलं की थीमवाले मंडप कुठेही बघाल, पण जुनी मूर्ती बघायची तर बागबाजारला जा. तिथली सार्वजनिक पूजा १९१९पासूनची. मंडपात खरंच काही चमत्कार नव्हता. ना बुर्ज खलिफा, ना लेझर. एकाच मखरात दुर्गा, लक्ष्मी, सरस्वती, गणपती, कार्तिक, सगळं घर. चंदेरी डाकेच्या कामाने मढवलेलं, आणि देवीचे डोळे एवढे मोठे, लांबट, की गर्दीत कुठेही उभे राहा, आपल्यालाच विचारतेय असं वाटतं. आपला गणपती तिथे आईबरोबर माहेरी आलेला पोरगा असतो. सगळ्यात कडेला उभा, बाजूला केळीच्या झाडाला साडी नेसवलेली. मला थोडं वाईटच वाटलं त्याच्यासाठी.

बाहेर मैदानात खुर्च्या टाकून बसलेले एक आजोबा होते. धोतर, पांढरा कुर्ता, हातात चहाचं मातीचं भांडं. आमच्या सॅक बघून त्यांनी हिंदीत विचारलं, कुठून आलात. काकू म्हणाली, महाराष्ट्र.

आजोबांनी भांडं खाली ठेवलं. मागे वळून आपल्या मित्रांना ओरडून सांगितलं, 'ओ रे, बॉर्गी एशेछे!' सगळे म्हातारे खो-खो हसले.

आम्हाला कळेना. मग त्यांनी समजावलं. बंगालमध्ये आजही बाळाला झोपवताना एक अंगाई म्हणतात, त्यात बॉर्गी येतात. बॉर्गी म्हणजे आपण. नागपूरकर रघूजी भोसल्यांचे स्वार. १७४२पासून जवळजवळ दहा वर्षं बंगालवर स्वाऱ्या झाल्या, गावं जळाली, लोक पळाले. शेवटी १७५१मध्ये नवाब अलीवर्दी खानाने तह केला, वर्षाला बारा लाख चौथाई कबूल केली. शाळेत आपण 'अटकेपार' वाचून छाती फुगवतो. इथे आपल्या नावाने पोरांना झोपवतात. आपल्याकडे आई म्हणते 'झोप, नाहीतर बागुलबुवा येईल', तिथला बागुलबुवा मराठी बोलतो!

आजोबांना आणखी चेव आला. म्हणाले, तुम्हाला अडवायला इंग्रजांनी शहराभोवती खंदक खणायला घेतला, मराठा डिच. पुरा झालाच नाही, कारण तुम्ही कोलकात्यापर्यंत आलाच नाहीत. पुढे तो बुजवून त्यावर रस्ता झाला. पण इथे बागबाजारात अजून 'मराठा डिच लेन' आहे. 'पावणेतीनशे वर्षं उशीर केलात,' म्हणाले, 'आणि आता आलात तर खंदक बुजलेला, आणि घोडे कुठे आहेत?'

मी ऐटीत माझं ज्ञान पाजळलं. बॉर्गी हा शब्द 'बारगीर'वरून आला. मराठी फौजेत दोन प्रकारचे स्वार. शिलेदार म्हणजे स्वतःचा घोडा, स्वतःची हत्यारं. बारगीर म्हणजे घोडा सरकारचा. सरकारने दिला तर स्वार, काढून घेतला तर पायी.

आजोबा म्हणाले, वा. मग एकदम विचारलं, 'खेयेछो?' जेवलात का? आम्ही नको-नको म्हणेपर्यंत त्यांनी कुणाला तरी हाक मारून एगरोल मागवले. गरम पराठा, वर अंडं, कच्चा कांदा, मिरची, लिंबू. मामाने पहिला रोल चार घासांत संपवला. आजोबांनी न विचारता दुसरा पुढे केला. तोही संपला. मी विनोद करायला तोंड उघडलं, आणि काकूने माझ्या पायावर पाय दिला. जोरात.

दोन वाजून गेल्यावर आम्ही नदीच्या कडेने खाली चालायला लागलो. कुमारटुली लागली. मूर्तिकारांची वस्ती. दुर्गा सगळ्या मंडपांत गेलेल्या, पण कोठ्या रिकाम्या नव्हत्या. कोजागरीच्या लक्ष्म्या, दिवाळीच्या काली रांगेत उभ्या होत्या. काहींचं फक्त पेंढ्याचं अंग, वर माती लागायची होती. लांबून कुठून तरी ढाक ऐकू येत होता. घाटाच्या पायऱ्यांवर सॅक टेकून बसलो. काकू म्हणाली, 'मामा, शेवटचं पोटभर कधी जेवलायस?'

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, 'मी बारगीर रे. घोडा परत घेतला.'

मला खरंच आधी कळलं नाही. मी हसलोसुद्धा.

जुलैत त्याची नोकरी गेली होती. मीटिंगला पंधरा मिनिटं, आणि आठवड्याने कंपनीचा लॅपटॉप न्यायला कुरिअरवाला दारात. त्याने पावतीवर सही केली, चार्जर राहिला म्हणून तो परत आला, तोही दिला. घरी सांगितलं नव्हतं. बाबांच्या ऑपरेशनचा हप्ता त्याच्याच खात्यातून जात होता. रोज सकाळी दहाला तो रूमचं दार लावून टेबलाशी बसायचा. रूममेटला वाटायचं वर्क फ्रॉम होम.

'मग ट्रिपला कशाला आलास?' मी विचारलं. आता आठवलं की लाज वाटते, पण हाच प्रश्न विचारला.

'तिकिटं जूनमध्ये काढली होती. तेव्हा होती नोकरी. रद्द केलं असतं तर तुम्ही विचारलं असतंत का म्हणून.' थोडं थांबून म्हणाला, 'आणि एकट्याने खोलीत बसायचा कंटाळा आला होता यार.'

मी मोबाइल काढला आणि ती रील डिलीट केली. मामा म्हणाला, 'ठेव की, चांगली होती.' काकू त्याच्याशी बोलत राहिली. ईएमआय किती, कुठे अर्ज केलेत, घरी कधी सांगणार. मी त्यात काहीच उपयोगाचं बोललो नाही. मला एकदाच सुचलं, खर्चाचं ॲप उघडून म्हणालो, तुझा हिशोब मिटवून टाकतो. तेव्हा तो पहिल्यांदा चिडला. 'हात लावू नको त्याला. खातं तसंच राहू दे.'

पहाटे चालत मल्लिक घाटावर पोचलो. हावडा ब्रिजच्या पायथ्याशी फुलांचा बाजार. डोक्यावर झेंडूच्या माळांचे हारे घेऊन माणसं पळत असतात, वाटेत उभं राहिलात तर धक्का ठरलेला. काकूने आईला व्हिडिओ कॉल लावला. दसरा दुसऱ्याच दिवशी होता, आईने पहिला प्रश्न विचारला, झेंडू काय भाव? मग पूल चढलो. १९४३चा, सगळा रिव्हेटवर जोडलेला, एक नट-बोल्ट नाही. बीटेकच्या वर्गात हे शिकलो होतो, तेव्हा मामा माझ्या शेजारी झोपलेला असायचा. पुलाच्या मध्यावर त्याने स्वतःहून बाबांना फोन लावला. आम्ही दोघं मुद्दाम पुढे चालत राहिलो. मागे वळून पाहिलं तर तो कठड्याला टेकून नुसता ऐकत होता, मान हलवत. काय बोलणं झालं ते आम्ही आजपर्यंत विचारलेलं नाही.

गाडीत तो वरच्या बर्थवर जो झोपला तो थेट नागपूरला उठला.

पुढच्या मे महिन्यात मी ऑफिसात असताना मोबाइल वाजला. मामाकडून पैसे जमा. खाली निरोप, 'घोडा मिळाला.' रक्कम ॲपवरच्या हिशोबापेक्षा ऐंशी रुपये जास्त होती. फोन करून विचारलं तर म्हणाला, दोन एगरोलचे. अरे पण ते आजोबांनी दिले होते, आम्ही नाही! तर म्हणतो, 'मग पुढच्या अष्टमीला नेऊन दे त्यांना.'