पंखावरचा बर्फ आणि खोटं बोलणारा काटा

आज कोड नाही, बर्फ.

आपल्यातले बरेच जण शिकायला, नोकरीला कॅनडा-अमेरिकेत आहेत. तिकडे थंडीत विमानात बसलात की कधीकधी एक ट्रक येतो आणि पंखांवर आधी नारिंगी, मग हिरवं काहीतरी फवारतो. फ्लाइट लेट होते, लोक वैतागतात. दोन्हींत ग्लायकॉल असतं. नारिंगी गरम मारतात, ते साचलेला बर्फ काढतं. हिरवं घट्ट असतं, ते नवा बर्फ थोडा वेळ धरू देत नाही. थोडाच वेळ, हं.

बर्फाच्या वजनाने विमान पडतं असं बऱ्याच जणांना वाटतं. खरी भानगड पृष्ठभागाची. हवा पंखावरून गुळगुळीत वाहायला हवी. पॉलिश पेपरइतका खरखरीत थर आला, तरी पंखाचा उचलण्याचा जोर ३० टक्क्यांपर्यंत घटू शकतो.

आता १३ जानेवारी १९८२, वॉशिंग्टन. धो-धो बर्फ पडतोय. एअर फ्लोरिडाच्या बोइंग ७३७ वर फवारणी झाली, आणि विमान रांगेत अडकलं. फवारणीनंतर टेकऑफपर्यंत ४९ मिनिटं गेली. वर पायलटांनी इंजिनांचं अँटी-आइस बंदच ठेवलं होतं. इंजिनाच्या तोंडाशी दाब मोजणारी एक बारीक नळी असते, ती बर्फाने बुजली. कॉकपिटमधला काटा इंजिनाचा जोर २.०४ दाखवत होता, प्रत्यक्षात तो होता १.७० च्या आसपास.

इंजिनिअर म्हणून मी इथेच अडकतो. सेन्सर सरळ मेला असता तर परवडलं असतं, यार! पण त्याने चुकीचा आणि अगदी पटेल असा आकडा दिला. प्रॉडक्शनमध्ये सगळ्यात घातक बग हाच: एरर येत नाही, डॅशबोर्ड हिरवागार. बाकीचे काटे मात्र वेगळं सांगत होते. को-पायलटला ते खटकलं, धावपट्टीवर असतानाच तो परत परत म्हणाला की हे बरोबर नाही. कॅप्टनने टेकऑफ थांबवलं नाही.

विमान जेमतेम उठलं, पुलावरच्या गाड्यांना धडकून गोठलेल्या पोटोमॅक नदीत गेलं. ७८ माणसं गेली, त्यातली ४ पुलावरची. विमानातले फक्त ५ वाचले.

आणि मार्च १९८९ मध्ये कॅनडातल्या ड्रायडनला एअर ओंटारिओचं विमान पंखांवर बर्फ घेऊनच उडालं. २४ जण दगावले. प्रवाशांमध्ये दोन पायलट बसले होते, त्यांना तो बर्फ दिसला होता. कॉकपिटपर्यंत काहीच पोचलं नाही.

म्हणून विंडो सीटवर असाल, धावपट्टीकडे निघताना पंखावर पांढरं दिसलं, तर बेल दाबा आणि सांगा. लाजू नका. हिरवा चिकट थर दिसला तर तो तसाच असायला हवा. टेकऑफच्या वेगात वाऱ्यानेच निघून जातो.